क्षमा मिळाली, मग भोग का उरतो?

ख्रिस्ती धर्मात पापाला क्षमा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. क्षमेनंतर काही भोगायचं शिल्लक राहतं का, यावर मात्र शतकानुशतकं वाद झाला, आणि दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा पुरावा म्हणून पुढे केली ती एकच गोष्ट.

बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला एका श्रीमंताची कथा सांगतो. त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी कापून पाहुण्याला वाढलेली असते. दावीद भडकतो, त्याने चौपट भरून द्यावं म्हणतो, आणि नाथान उत्तरतो की तो माणूस तूच. उरीयाची बायको बथशेबा बळकावून दावीदाने उरीयाला लढाईत पुढे घालून मारवलेलं असतं. तो पाप कबूल करतो. क्षमा तिथल्या तिथे मिळते. पण तलवार तुझ्या घराची पाठ सोडणार नाही आणि बथशेबाला तुझ्यापासून झालेलं हे बाळ जगणार नाही, हेही त्याच भेटीत ऐकावं लागतं. बाळ सातव्या दिवशी जातं. पुढे अम्नोन सावत्र बहीण तामारवर बलात्कार करतो, तिचा सख्खा भाऊ अबशालोम त्याचा खून करतो, मग बापाविरुद्ध बंड करून स्वतः मारला जातो. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने चौपटीचा हिशेब जुळवला: बाळ, अम्नोन, तामार, अबशालोम. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही. बाळाने काय केलं होतं, आणि तामारने?

सुरुवातीच्या चर्चपुढे हा प्रश्न आला तो रोमन छळाच्या काळात. सम्राट डेसियसने 250च्या सुमारास सगळ्यांना देवतांपुढे बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावलं. असे काही दाखले इजिप्तच्या पपायरसांवर आजही वाचता येतात. छळ ओसरल्यावर दाखला घेतलेले ख्रिस्ती दाराशी परत आले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घ्यायचा चर्चला अधिकारच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यायचं, पण इतकं स्वस्तात नाही. 325च्या निकिया परिषदेने, पुढच्या एका छळात जबरदस्ती नसतानाही डगमगलेल्यांसाठी थेट वर्षं ठरवून दिली. 3 वर्षं नुसतं श्रवण, 7 वर्षं दंडवत घालणाऱ्यांत, 2 वर्षं प्रार्थनेत सामील पण प्रभुभोजनाविना. हे सार्वजनिक प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे, आणि पश्चिमेत ते पुरं झाल्यावरही माणसाला धर्मगुरू होता येत नसे. साहजिकच लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले.

याच काळात बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीनने एक कारण देऊन ठेवलं, ते पुढे फार चाललं. अपराधाबरोबर शिक्षाही संपली असती तर अपराध किरकोळ वाटला असता, म्हणून शिक्षा जास्त काळ टिकते.

मग आयर्लंडचे संन्यासी आले. त्यांनी खाजगी पापनिवेदन रुजवलं, तेही पुन्हा पुन्हा करता येईल असं, आणि पापागणिक प्रायश्चित्ताच्या याद्या तयार केल्या. इतके दिवस भाकरी-पाणी, इतकी वर्षं परदेश. या याद्यांची नंतर बरीच टिंगल झाली, पण कोलंबानस या आयरिश संन्याशाच्या यादीतलं एक कलम वाचण्यासारखं आहे. खून करणाऱ्या धर्मसेवकाने 10 वर्षं देशाबाहेर काढावीत, मग परत येऊन मेलेल्याच्या आईबापांपुढे उभं राहावं आणि म्हणावं, तुम्ही सांगाल ते मी करीन. हे केलं नाही तर त्याने भावाचा खून करणाऱ्या बायबलातल्या काइनासारखं भटकत राहावं. ज्याचं नुकसान झालं त्याला इतक्या ठळकपणे समोर बसवणारी जागा या इतिहासात विरळाच.

कारण आकडा लिहिला की त्याची अदलाबदल सुरू होते. उपासाऐवजी स्तोत्रं, स्तोत्रांऐवजी दानधर्म. बाराव्या शतकातल्या विद्वानांनी दोष आणि शिक्षा अशी फोड पक्की केली: दोष क्षमेने जातो, ठराविक काळाची शिक्षा मात्र इथे किंवा मरणानंतर शुद्धीस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत, फेडावी लागते. 1343मध्ये पोप सहाव्या क्लेमेंटने ख्रिस्त आणि संतांच्या पुण्याच्या भांडारातून ही शिक्षा कमी करता येते हे अधिकृत केलं. 1476मध्ये ही सवलत मृतांपर्यंत पोचली. पुढे ही सवलत पापमुक्तिपत्रांच्या रूपात विकली गेली, ती गोष्ट शाळेत शिकलेली असते. एक खुलासा मात्र हवा. पापमुक्तिपत्रांनी कागदोपत्री पाप माफ होत नव्हतं, उरलेल्या शिक्षेत सूट मिळत होती. बाजारात कोण इतकं बारीक बघतो!

1517मध्ये जर्मन धर्मसुधारक लूथरने लिहिलं की पोपला फक्त स्वतः किंवा चर्चच्या नियमांनी लादलेली शिक्षा माफ करता येते. पुढचा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने दावीदालाच परत साक्षीला बोलावलं. बाळाचा मृत्यू ही थकबाकीची वसुली नव्हती, बापाने पुढच्यासाठी लावलेली शिस्त होती, असं त्याचं म्हणणं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551मध्ये उलट ठणकावलं की दोषाबरोबर सगळी शिक्षा प्रत्येक वेळी माफ होते असं म्हणणं चूक. दिवस-वर्षांचे आकडे मात्र कॅथलिक चर्चनेही 1967मध्ये सोडून दिले, आणि आजची त्यांची धर्मशिकवण म्हणते की ही शिक्षा म्हणजे बाहेरून घेतलेला सूड नव्हे, ती पापाच्या स्वभावातूनच येते.

मराठीत हे दोन्ही पक्ष नांदतात. वसईच्या कॅथलिकांत 2 नोव्हेंबरला कबरींपाशी मृतांसाठी प्रार्थना होते. 1813पासून मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतली मंडळी तशी प्रार्थना करत नाहीत. पेरलं ते उगवतं, हे पौलाचं वचन दोघांच्याही उपदेशात येतं.

गेल्या काही दशकांत प्रश्न वेगळ्याच दारातून आत आला. मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना अनेक ठिकाणी पश्चात्तापाच्या आणि उपचारांच्या भरवशावर दुसऱ्या धर्मग्रामात पाठवलं गेलं होतं. बोस्टनमधली प्रकरणं उघड झाल्यावर जून 2002मध्ये अमेरिकन बिशपांनी डॅलसला ठरवलं: असं एकही कृत्य सिद्ध झालं तर सेवेतून कायमचं दूर, मग ते कितीही जुनं असो. देवाची क्षमा त्याला मिळू शकते, वेदी परत मिळणार नाही. अमेरिकन धर्मपंडित कार्डिनल एव्हरी डलेससारख्यांनी यात प्रमाण आणि न्याय सुटतो अशी हरकत घेतली. तिला अगदीच आधार नाही असं नव्हे, पण त्या नियमामागे हिशेब धरला होता तो तामारच्या बाजूने.