ॲबोरिजिनल वारसास्थळांचे संरक्षण (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी ॲबोरिजिनल समाजांना पवित्र असलेल्या किंवा त्यांच्या पूर्वजांच्या खुणा बाळगणाऱ्या स्थळांची सरकारदरबारी नोंद व कायदेशीर जपणूक. शैलाश्रय, कातळचित्रे, दफनभूमी, साल सोलल्याचे व्रण असलेली झाडे ही त्यांपैकी डोळ्यांना दिसणारी. पण माणसाचा हात कधीच न लागलेला पाणवठाही पूर्वजकथेमुळे पवित्र असतो, आणि अवशेष मोजायला बसलेल्या कायद्याला हे उमगायला फार वेळ लागला.

संघराज्याचा १९८४ चा कायदा अखेरचा उपाय म्हणून आहे. रोजचा कारभार राज्ये आणि प्रदेशांकडे. नॉर्दर्न टेरिटरीत १९८९ च्या कायद्याने पवित्र स्थळ नोंदवहीत नसले तरी संरक्षित ठरते. ही तरतूद मोलाची आहे. काही स्थळांची कथा फक्त स्त्रियांनी, काहींची फक्त पुरुषांनी जाणायची असते. ती कचेरीत सांगणे हाच नियमभंग. त्यामुळे नोंदवहीतली कोरी जागा म्हणजे ओसाड जमीन नव्हे.

नोंद झाली, अभ्यास झाला, तरी स्थळ वाचतेच असे नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९७२ च्या कायद्यातील कलम १७ नुसार स्थळाची हानी करणे गुन्हा होता. लगेचच्या कलम १८ नुसार मात्र खाणपट्टाधारक मंत्र्यांची संमती मागू शकत असे. पिलबारा भागातील जूकन घळीसाठी रिओ टिंटो कंपनीला ती २०१३ मध्ये मिळाली. पुढच्याच वर्षी तिथल्या उत्खननात सुमारे ७,००० वस्तू सापडल्या. त्यांत माणसाच्या केसांची, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी होती आणि तिच्या डीएनएचे नाते आजच्या पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळले. दिलेल्या संमतीचा या नव्या माहितीमुळे फेरविचार करण्याची वाट कायद्यात नव्हती. स्थळाच्या वारसदारांना अपिलाचा हक्कही नव्हता. सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराची साक्ष देणारे तिथले शैलाश्रय २४ मे २०२० रोजी लोहखनिजासाठी सुरुंगांनी उडवले गेले.

कंपनीने माफी मागितली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले, संसदीय चौकशी झाली. राज्याने २०२१ मध्ये केलेला नवा कायदा १ जुलै २०२३ रोजी पूर्णपणे लागू झाला. शेतकरी व जमीनमालकांच्या विरोधापुढे सरकारने पाच-सहा आठवड्यांतच माघार घेतली आणि १९७२ चाच कायदा दुरुस्त करून परत आणला. आता मूलनिवासी हक्कधारकांना संमतीविरुद्ध दाद मागता येते आणि नवी माहिती हाती आल्यास मंत्र्यांना कळवणे बंधनकारक आहे. संमतीची पद्धत मात्र कायम राहिली.

जागतिक वारसा यादीचा अनुभव थोडा वेगळा. व्हिक्टोरियातील बज बिम येथे गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांत चर आणि बांध घालून ईल मासे धरण्याची व्यवस्था उभारली. किमान ६,६०० वर्षे जुन्या या कामाची २०१९ मध्ये त्या यादीत नोंद झाली. पिलबाराच्या किनाऱ्यावरचे मुरुजुगा हे कातळशिल्पांचे विस्तीर्ण क्षेत्र २०२५ मध्ये यादीत आले. त्याच्या शेजारी वायू प्रकल्प चालू आहे आणि त्याच्या धुराने शिल्पांचा पृष्ठभाग झिजतो का, हा वाद मिटलेला नाही.