राखीव ट्रक-बॅटऱ्यांचे चक्र

विद्युत ट्रकची रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवणाऱ्या स्वॅपिंग स्टेशनवर अदलाबदलीसाठी ठेवलेल्या जादा बॅटऱ्या पुरेपूर वापरणे, बिघडल्यास दुरुस्त करणे, थकल्यावर हलक्या कामाला लावणे आणि शेवटी त्यांतले धातू नव्या बॅटरीत परत नेणे, अशी व्यवस्था. चीनमध्ये केबिनमागे बसणाऱ्या 282 किलोवॅट-तासांच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी पॅकवर ती रुळली. न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदरात बदलत्या बॅटरीचे ट्रक 2025 मध्ये आले.

राखीव बॅटरी हे अडकून पडलेले भांडवल असते, त्यामुळे सुरुवात संख्येपासून होते. चार्जिंगला 60 मिनिटे, थंड व्हायला 10 आणि दर 10 मिनिटांनी एक ट्रक, तर 7 बॅटऱ्या पुरतात. त्यापुढची नुसती पडून झिजते. पूर्ण चार्ज करून उकाड्यात ठेवली तर अधिकच. मंदीच्या दिवसांत जादा पॅक 30 ते 50 टक्के चार्जवर सावलीत ठेवावेत आणि सगळे पॅक आळीपाळीने फिरवावेत.

क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर आली की पॅक ट्रकवरून उतरवण्याची रीत आहे. 282 चा पॅक तेव्हाही सुमारे 225 किलोवॅट-तास देतो. तो भंगार नव्हे. मात्र व्होल्टेज पाहून एलएफपीची प्रकृती कळत नाही, कारण मधल्या टप्प्यात सेल, म्हणजे पॅकमधला सर्वांत लहान घटक, 3.3 व्होल्टच्या आसपासच घुटमळतो. पॅक पूर्ण चार्ज करावा, विसावू द्यावा, मग मंद गतीने रिकामा करून निघालेले अँपिअर-तास मोजावेत. इन्सुलेशनही तपासावे: डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान 100 ओहम, म्हणजे 600 व्होल्टच्या पॅकला 60 किलो-ओहम. त्याखाली आकडा गेला की आधी कूलंटची, म्हणजे पॅक थंड ठेवणाऱ्या द्रवाची गळती शोधावी.

बहुधा सगळा पॅक नव्हे, त्यातले एखादे मॉड्यूलच, म्हणजे सेलचा एक गट, थकलेले असते. तिथे कोरे मॉड्यूल बसवण्याचा मोह होतो, आणि काम तिथेच फसते. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या सेलमध्ये, सर्वांत दुबळा सेल पॅकची मर्यादा ठरवतो; नव्याची जादा क्षमता वाया जाते. तेवढेच वापरलेले मॉड्यूल दुसऱ्या पॅकमधून काढून, चार्जची पातळी जुळवून बसवावे. झाकणाचे गॅस्केट दर वेळी नवे घालावे, नाहीतर पहिल्याच पावसात ओल शिरते. सेल गोंदाने चिकटवलेले असतील किंवा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी नियंत्रण यंत्रणा, कंपनीने कुलूपबंद केलेली असेल, तर दुरुस्तीचा विचारच सोडावा लागतो.

उतरवलेले पॅक स्टेशनमध्येच साठवणुकीला लावणे सोयीचे पडते. रात्री सावकाश चार्ज करून गर्दीच्या वेळी चार्जरना वीज पुरवली की ग्रिडवरची कमाल मागणी उतरते.

एलएफपीत निकेल-कोबाल्ट नसल्याने भंगाराला भाव कमी, म्हणूनच हा दुसरा जन्म महत्त्वाचा. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार नव्या वाहन-बॅटरीत पुनर्प्राप्त साहित्याचे किमान प्रमाण 2027-28 मध्ये 5 टक्के, तर 2030-31 पर्यंत 20 टक्के ठरले आहे. धातू परत मिळवण्यासाठी दळण्यापूर्वी सेल पूर्ण रिकामे करावे लागतात. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा स्वस्त उपाय टर्मिनल गंजवतो. वीज आतच राहते आणि पाणी मात्र फ्लोराइडने दूषित होते.