माल जागचा हलला का?

विदारण आणि क्षरण यांच्या व्याख्या मुलं पाठ करतात आणि आठवड्याभरात दोन्हींची अदलाबदल करतात. यात दोष मुलांचा नाही, कारण पुस्तकात दोन्ही शब्द पाठोपाठ येतात. एकच प्रश्न विचारायला शिकवलं की गोंधळ संपतो: माल जागचा हलला का? खडक होता तिथेच तडकला, कुजला, त्याचा भुगा झाला, तर ते विदारण. तो भुगा पाण्याने, वाऱ्याने, लाटांनी किंवा हिमनदीने उचलून नेला, तर क्षरण.

विदारण दाखवायला प्लास्टिकची छोटी बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. (काचेची बाटली अजिबात नको.) गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे बाटली फुगते. थंड प्रदेशात खडकाच्या भेगेत शिरलेलं पाणी असंच वारंवार गोठतं, वितळतं आणि भेग रुंदावत जाते.

रासायनिक विदारणासाठी खडूवर व्हिनेगर टाकायला सांगतात. पण फळ्यावरचा खडू बऱ्याचदा चुनखडीचा नसून जिप्सम या वेगळ्या खनिजाचा असतो. मग तो फसफसत नाही आणि मुलं हिरमुसतात. त्यापेक्षा अंड्याचं कवच किंवा शिंपला घ्यावा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. चुनखडकात गुहा कोरल्या जातात त्या याच आम्लामुळे. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची त्याने हळूहळू चिकणमाती होते, क्वार्ट्‌झ हे खनिज मात्र दाद देत नाही. म्हणून तर इतक्या किनाऱ्यांवरच्या वाळूत क्वार्ट्‌झच जास्त सापडतो.

क्षरणाचा प्रयोग सोपा आहे. मातीचे दोन तिरके ट्रे घ्यायचे, एक उघडा, एक गवताचा. दोन्हींवर सारखंच पाणी ओतायचं आणि खाली आलेल्या पाण्याचा रंग बघायचा.

खरी अडचण काळाची आहे. ‘हळूहळू’ म्हटलं की मुलांना वाटतं, रोज थोडंथोडं, अगदी सारखं. इथे नायगारा धबधबा कामी येतो. सुमारे १२,००० वर्षांत तो अंदाजे ११ किलोमीटर मागे सरकला. भागाकार मुलांनाच करू द्या. वर्षाला साधारण ९० सेंटिमीटर येतात. मग विचारा, दरवर्षी तेवढंच? तसं नाही. तिथे वर कठीण खडक आहे आणि खाली मऊ शेल, म्हणजे चिखल दबून झालेला खडक. पाणी खालचा शेल कोरत राहतं, वरचा खडक छज्ज्यासारखा पुढे लोंबकळत राहतो आणि एक दिवस आधार सुटून कोसळतो. १९५४ साली धबधब्याच्या काठावरच्या प्रॉस्पेक्ट पॉइंटचा मोठा भाग असाच एकदम खाली आला. आता बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवल्यामुळे धबधब्याचं मागे सरकणंही मंदावलं आहे.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये कड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा एक खडक होता. तो पडू नये म्हणून लोकांनी त्याला साखळ्या आणि पोलादी सळ्यांनी जखडलं होतं. तरीही ३ मे २००३ रोजी तो ढासळला. भेगा कित्येक शतकं वाढत होत्या, चेहरा मात्र एका रात्रीत गेला. ‘हळूहळू’चा हा अर्थ व्याख्येतून कळत नाही, गोष्टीतून कळतो.

वर्गात एखादं मूल हमखास विचारतं, मग एव्हाना सगळे डोंगर सपाट कसे झाले नाहीत? माझ्या मते सगळ्या धड्यातला हाच सर्वांत चांगला प्रश्न. उत्तर असं, की जमीन वरही उचलली जाते. भूपट्ट एकमेकांवर आदळत असल्याने हिमालय आजही उंचावतो आहे आणि त्याच वेळी झिजतोही आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या दरीचं पठारही असंच उचललं गेलं, म्हणून कोलोरॅडो नदीला दीड किलोमीटरहून खोल दरी कापता आली. दरीच्या भिंतींतले वालुकाश्माचे थर म्हणजे त्याहून जुन्या डोंगरांतून झिजून आलेली वाळू, दबून पुन्हा खडक झालेली. नदी आता ते थर झिजवते आहे. हा गाळ पूर्वी समुद्रापर्यंत जायचा. आता तो वाटेतच, हूव्हर धरणामागच्या मीड जलाशयात साचतो.