बाहेरचे जग धड्यात कसे आले

मुलांच्या आवडीचा खेळ, गाणे, मालिका किंवा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ धड्यात आला की वर्ग जागा होतो, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असतो. ही युक्ती इंटरनेटच्या काळातली वाटते, पण तिची मुळे साडेतीनशे वर्षांहून जुनी आहेत. या सगळ्या काळात एक प्रश्न काही सुटलेला नाही. बाहेरचे जग वर्गात आणायचे ते धडा गोड लागावा म्हणून, की धडाच त्या जगातून उभा करायचा म्हणून? माझ्या मते टिकाऊ काम झाले ते दुसऱ्या वाटेने.

१६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये योहान आमोस कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस पिक्टुस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक निघाले. त्या काळी लॅटिन शिकणे म्हणजे व्याकरणाची घोकंपट्टी. कोमेनियसनी पाव भाजणारा, शिंपी, न्हावी अशी मुलांनी रोज पाहिलेली माणसे आणि त्यांची हत्यारे चित्रांत मांडली, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा दिला आणि तोच आकडा मजकुरातल्या शब्दाला जोडला. मुळाक्षरेही ओळखीच्या आवाजांतून आली: एका अक्षराला कावळ्याचे ओरडणे, दुसऱ्याला कोकराची बें बें. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत योहान फ्रीड्रिश हेर्बार्ट यांनी याला सिद्धांताचे रूप दिले. मनात आधीपासून जे आहे त्याला जोडूनच नवे ज्ञान रुजते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या अनुयायांनी मात्र त्यातून पाठाच्या ठरावीक पायऱ्या बनवल्या आणि मूळ कल्पनेतला जिवंतपणा बराचसा गेला.

खरा पेच पुढे आणला तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी. १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. शाळेसाठी बाके शोधताना एका विक्रेत्याने त्यांना सांगितले, तुम्हाला मुलांनी काम करायची बाके हवीत, आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी आहेत. या शाळेत मुलांच्या हातात कच्चा कापूस आणि लोकर दिली गेली. अर्धा तास खपूनही सरकीपासून वेगळा केलेला कापूस एका औंसापेक्षा कमी भरला. पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरी का वापरत, हे मुलांना तिथेच कळले. इतिहास, यंत्रांचा शोध आणि अर्थव्यवहार असे तिन्ही धडे त्या मूठभर कापसातून निघाले. मूल शाळेबाहेर मिळवलेला अनुभव शाळेत वापरू शकत नाही आणि शाळेत शिकलेले घरी वापरू शकत नाही, हीच शिक्षणातली मोठी नासाडी आहे, असे ड्यूई म्हणत. १९१३ मध्ये त्यांनी आणखी एक इशारा दिला. एखादी गोष्ट मुद्दाम रंजक करावी लागते, याचाच अर्थ तिच्यात मुलाचा जीव गुंतलेला नाही. वरून लावलेल्या रंगाने तो गुंतत नाही. हा इशारा आजही पुरेसा ऐकला गेलेला नाही.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाच्या मदतीला अडचणच आली. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. मग ते मुलांना घेऊन गावात, शेतात, कारागिरांकडे जाऊ लागले. परतल्यावर मुले पाहिलेले लिहीत. १९२४ मध्ये बार-स्युर-लू या गावच्या शाळेत त्यांनी लहानसे छपाईयंत्र आणले. मुलांचा मजकूर मुलेच खिळा खिळा जुळवून छापू लागली, आणि दोन वर्षांनी ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली. स्पेलिंग बरोबर का असावे, याचे उत्तर शिक्षकाला द्यावे लागेना, कारण पलीकडे खरा वाचक होता. वर्गातल्या माध्यमांच्या वापराचा इतिहास सांगताना बहुतेक जण प्रोजेक्टरपासून सुरुवात करतात. मी फ्रेनेंच्या यंत्रापासून करेन, कारण तिथे माध्यम मुलांच्या हातात होते.

प्रोजेक्टरची गोष्ट वेगळीच घडली. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी भाकीत केले की चित्रपटांमुळे शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. १९२४ पासून बीबीसीने शाळांसाठी रेडिओ कार्यक्रम सुरू केले, मग टीव्ही आला, संगणक आला. दर वेळी आशा तीच होती, पण यंत्र आले तरी धडा बदललाच असे नाही.

लोकप्रिय करमणुकीबद्दल शाळेची वृत्ती बदलायला आणखी वेळ लागला. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी जाहिराती व वर्तमानपत्रे वर्गात आणायला सांगितले, पण हेतू होता मुलांना त्यांच्यापासून सावध करण्याचा. १९६४ मध्ये स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनल यांनी वेगळी भूमिका घेतली: मुलांना जे चित्रपट आणि संगीत आवडते त्यातही चांगले-वाईट असते, आणि ते पारखायला शिकवता येते. मुलाच्या आवडीला कमी लेखून त्याला शिकवता येत नाही, हे आता सरळ वाटते. तेव्हा ते धाडसाचे होते.

ब्राझीलमध्ये १९६३ साली पाउलो फ्रेइरे यांनी आंजिकोस इथे सुमारे ३०० शेतमजुरांना अक्षरओळख करून दिली, ती त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांतून. याच देशातल्या रेसिफे शहरात पुढे झालेला अभ्यास तर प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावा असा आहे. तेरेझिना नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांचे हिशेब तपासले आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. बारा वर्षांच्या एका विक्रेत्याकडे गिऱ्हाइकाने ४ नारळ मागितले. एकाचा भाव ३५. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवून १३५ केले, मग उरलेले ५ घालून १४० सांगितले. हेच ३५ गुणिले ४ नंतर कागदावर दिले, तर उत्तर आले २००. हातचे दोन त्याने तिनात आधीच मिळवले आणि मग चाराने गुणले. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर होती, नुसत्या आकडेमोडीत जेमतेम ३७ टक्के. त्यांना गणित येत होते, पण शाळेच्या पद्धतीशी त्याचा सांधा कुणी जुळवला नव्हता.

असा सांधा जुळवायचा तर आधी मुलाचे घर माहीत हवे. १९९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या टुसॉनमध्ये लुइस मॉल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवले, तेही तक्रार घेऊन नव्हे, शिकायला. एका मुलाच्या घरी कळले की तो मेक्सिकोतून आणलेल्या गोळ्या-मिठाया विकतो. त्यावरून वर्गात मिठाईवरच पाठमाला झाली: घटकांची तुलना, हिशेब, पोषण. मिठाई करून दाखवायला एक आई वर्गात आली.

मानसशास्त्राने पुढे दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवल्या. १९९८ मध्ये शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी वीज कशी पडते यावरच्या पाठात विजेने झालेल्या अपघातांचे चटकदार तपशील घातले. वाचणाऱ्यांना वीज पडण्याचे मुख्य कारण उलट कमी आठवले. ड्यूईंनी ८५ वर्षांपूर्वी सांगितलेले इथे मोजून मिळाले. २००९ मध्ये ख्रिस हलमन आणि ज्युडिथ हारकिविच यांनी माध्यमिक शाळेतल्या काही विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या धड्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे ते स्वतः लिहायला सांगितले, तर काहींना फक्त धड्याचा सारांश. हा विषय आपल्याला जमणार नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांचीच रुची आणि गुण त्या लिहिण्याने वाढले. यासाठी शिक्षकाला मुलांची आवडती गाणी किंवा मालिका माहीत असण्याची गरजही पडली नाही, कारण धागा मुलांनीच शोधला होता.