कन्सेंट आणि आयएसओ १४००१: नाल्याबद्दल विचारायचं तर कुठला कागद मागायचा?

एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र दिसतं. गावातली माणसं नाल्याच्या पाण्याची तक्रार घेऊन येतात, तेव्हा पुष्कळदा हीच फ्रेम त्यांना दाखवली जाते. पर्यावरण विभागात काम करताना मी हे पाहिलंय, आणि दर वेळी ते खटकलंय. नाल्यात काय आणि किती सोडता येतं, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असतं. आमच्या बोलण्यात ते ‘कन्सेंट’.

कन्सेंट १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली मिळते. कारखाना उभारायच्या आधी एक, सुरू करायच्या आधी दुसरी. तिच्यात आकडे असतात: रोज किती घनमीटर सांडपाणी, चिमणीची उंची किती, घातक कचरा किती आणि तो कुठे पाठवायचा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचं सर्वसाधारण मानक म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनानं मोडायला लागणारा ऑक्सिजन) २५०, सामू (पीएच) ५.५ ते ९. मंडळ याहून कडक आकडाही घालू शकतं. अटी मोडल्या तर कारखान्याचं वीज-पाणी तोडायचा आदेश निघू शकतो.

आयएसओ १४००१ मध्ये असा एकही आकडा सापडणार नाही. १९९६ साली आलेलं हे मानक ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, तीन वर्षांसाठी. तुमच्या कामाचा हवा-पाणी-मातीवर कुठे परिणाम होतो याची यादी केलीत का, जबाबदारी कोणाची, बिघाड झाला तर काय करणार, कायद्याच्या अटी पाळल्या जातात का हे तपासता का, असं ते विचारतं. म्हणून एकाच धंद्यातल्या दोन कारखान्यांचं सांडपाणी खूप वेगळं असूनही दोघांकडे हे प्रमाणपत्र असू शकतं.

पण म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. एका कारखान्यात रात्री दोनच्या सुमारास ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) एअरेशन टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला. हवा थांबली की टाकीतले जिवाणू मरायला लागतात आणि पाण्याला कुजका वास सुटतो. बीओडी ३० च्या आत हवा, एवढं कन्सेंट सांगते. रात्री दोन वाजता ऑपरेटरनं काय करायचं ते सांगत नाही. आयएसओसाठी लिहिलेल्या कार्यपद्धतीत ते होतं: राखीव ब्लोअर चालू करा, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, पाणी होल्डिंग टाकीत वळवा. राखीव ब्लोअरला बेल्टच नव्हता. कोणीतरी तो काढून दुसऱ्या मशीनला लावला होता, आणि चेकलिस्टवर महिनाभर ‘ओके’च्या खुणा होत्या. ऑपरेटरनं लगेच व्हॉल्व्ह बंद केला म्हणून नाला वाचला. पुढच्या अंतर्गत ऑडिटमध्ये ती खूणच रद्द झाली. आता राखीव ब्लोअर दर आठवड्याला दहा मिनिटं चालवून मीटरचं रीडिंग लिहावं लागतं. भिंतीवरच्या कागदाला अर्थ येतो तो अशा रीडिंगमुळे.

तेव्हा नाल्याचं पाणी बिघडलं तर गेटवर कन्सेंटची प्रत मागा, आणि सांडपाण्याच्या नमुन्याचा ताजा अहवालही. कंपनीनं टाळलं तर माहिती अधिकाराखाली मंडळाकडे अर्ज करता येतो. कन्सेंटमधला आकडा आणि अहवालातला आकडा शेजारी ठेवून वाचा.