शालेय बदल आणि विरोध

शाळेच्या वेळा, अध्यापनपद्धती, मूल्यमापन, माध्यम किंवा कारभार यांत होऊ घातलेल्या बदलाला शिक्षक, पालक, संस्थाचालक वा गावकरी यांच्याकडून होणारा उघड किंवा छुपा विरोध, आणि तो निवळावा म्हणून योजलेले उपाय. उघड विरोध निवेदन, मोर्चा, बहिष्कार यांतून दिसतो. छुपा ओळखणे कठीण. परिपत्रक फाइलला लागते, नोंदवह्या भरतात आणि वर्गात जुनेच चालू राहते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहावी, अशी त्यामागची कल्पना. थोड्याच काळात ‘कविता तालासुरात म्हणतो’ छापाच्या तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. याला आळस म्हणणे सोपे आहे. पण पटावर साठ मुले आणि जोडीला निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामे असलेला शिक्षक दुसरे काय करणार, हेही पाहावे लागते.

या विषयाचा बहुचर्चित अभ्यास शाळेतला नसून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या पायजम्यांच्या कारखान्यातला आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची रीत बदलताना एका गटाला नुसता हुकूम सांगितला, इतर गटांना आखणीत सामील करून घेतले. हुकूम मिळालेल्या गटातील १७ टक्के कामगारांनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली. सामील झालेल्या गटांत कोणीच सोडली नाही आणि त्यांचे उत्पादनही वाढले. कारखान्याचा धडा शाळेला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण शाळेत बदल ज्यांच्यासाठी करायचा ती मुले चर्चेला बसलेलीच नसतात.

ठाणे आणि नवी मुंबईत विरोधाचे मूळ पुष्कळदा तत्त्वात नसून वेळापत्रकात सापडते. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, याला कोणाचा विरोध असणार? पण येथील अनेक शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत चालतात. सातचा वर्ग नऊला नेला की दुपारचे सत्र पुढे सरकते, मोठी मुले अंधार पडल्यावर घरी येतात, स्कूल बसच्या फेऱ्या ऐन गर्दीत अडकतात. मुलाला शाळेत सोडून लोकल गाठणाऱ्या आईबापांचीही घडी विस्कटते. अशा ठिकाणी झोपेवरची व्याख्याने उपयोगी पडत नाहीत. खोल्या, बस आणि सत्रे यांची मांडणी बसचालक आणि पालकांसोबत बसून नव्याने करावी लागते.

ठाण्यातील तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालची सिग्नल शाळा हे वेगळ्या अडचणीचे उदाहरण. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने ती २०१६ मध्ये सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांची कमाई घरखर्चाला लागते, म्हणून शाळा म्हणजे पालकांच्या दृष्टीने बुडालेला रोज. तेव्हा मुलांना लांबच्या शाळेत ओढण्याऐवजी कंटेनरमधला वर्गच पुलाखाली आणला गेला. उलट नवी मुंबई महापालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे सीबीएसई शाळा काढल्या, तेव्हा प्रवेशासाठी पालकांची रीघ लागली. बदल म्हटला की पालक आडवे येतात, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही.

विरोध मोडून काढायचाच असतो, हे गृहीतही तपासून घ्यावे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय राज्यभरातील विरोधानंतर २९ जूनला मागे घेतले गेले. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, हा आक्षेप शिक्षणाच्याच अंगाने होता. गणवेशाचे कापड आणि शिलाई राज्यस्तरावरून पुरवण्याची योजनाही अशीच गुंडाळावी लागली. गणवेश उशिरा मिळाले, मापात बसेनात, अशा तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले.

शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. बदलाची चर्चा आधी व्हावी अशी ही हक्काची जागा. पण मुरबाड, शहापूरच्या पाड्यांवर भातलावणीच्या दिवसांत सभा बोलावली तर फक्त सह्यांची वही घरोघर फिरते. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणखी एक पेच असतो. नवी पद्धत बहुधा एखाद्या शिक्षकाच्या उत्साहावर उभी राहते आणि त्याची बदली झाली की वर्ग जुन्या वळणावर जातो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळांनीही ती उचलली असेल, तरच ती मागे उरते.