नळीत पाणी साचलं म्हणून ह्युमिडिटी कमी करू नका

साताऱ्या-सांगलीकडे डिसेंबर-जानेवारीत सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरणाऱ्या घरांत एक तक्रार हमखास असते: रात्री मास्कमध्ये पाणी आलं, म्हणून ह्युमिडिटी 6 वरून 2 वर आणली, आणि आता नाक इतकं कोरडं पडतं की सकाळी शिंकरताना रक्त दिसतं. एप्रिल-मे आला की नेमकं उलटं होतं. नाक कोरडं पडतं म्हणून नळीचं तापमान 30 वर नेलं, तरी फरक नाही, उलट घुसमट वाढली. दोन्हीकडे घोळ एकच आहे. ह्युमिडिटी आणि नळीचं तापमान ही एकाच कामाची दोन बटणं आहेत असं धरून चालतात. तशी ती नाहीत.

ह्युमिडिटी तुम्हाला ठाऊकच आहे. पाण्याच्या भांड्याखालची तबकडी तापते, पाण्याची वाफ होते, हवा ती घेऊन पुढे जाते. आकडा वाढवला की वाफ जास्त. एअरसेन्स 10 या सीपॅप मशीनवर मॅन्युअलमध्ये, म्हणजे आकडे आपण स्वतः ठरवतो त्या सेटिंगमध्ये, हा आकडा 1 ते 8 असतो. दाबाशी याचा संबंध नाही, आणि दाब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

गडबड होते ती नळीच्या तापमानात. तापणाऱ्या नळीत जी तार असते ती नळी गरम ठेवते, हवेत पाणी घालत नाही. भांड्यातून निघालेलं पाणी मास्कपर्यंत हवेतच टिकवायचं, एवढंच तिचं काम. आकड्यांत पाहू. एक घनमीटर हवा 18 अंशांना जेमतेम 15 ग्रॅम पाणी धरते, 27 अंशांना सुमारे 26 आणि 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम. समजा भांड्यातून 22 ग्रॅम घेऊन हवा निघाली. थंडीत साधी नळी खोलीइतकी, म्हणजे 18 अंशांपर्यंत गार झाली, तर सात ग्रॅम पाणी वाटेतच सुटतं. पलंगाच्या कडेला नळीला जो झोळ पडतो तिथे ते साचतं, गुडगुड आवाज येतो, हवा थरथरत येते आणि कूस बदलली की थेंब थेट नाकावर. हेच 22 ग्रॅम 27 अंशांच्या नळीतून गेले तर हवा 85 टक्के दमट राहते आणि थेंब पडत नाही. म्हणून पाणी साचलं तर आधी नळी तापवा.

आता उन्हाळ्याची चूक. तेच 22 ग्रॅम 30 अंशांच्या हवेत गेले तर दमटपणा उतरतो 72 टक्क्यांवर. पाणी तेवढंच, पण हवा जास्त तहानलेली, आणि ती तहान तुमच्या नाकातल्या ओलाव्यावर भागते. मॅन्युअलमध्ये नुसती नळी तापवली की कोरडेपणा वाढतो तो यामुळे. ऑटो या दुसऱ्या सेटिंगमध्ये मशीन वाफेचं प्रमाण स्वतः सांभाळतं आणि नळी मुळात 27 वर असते. ज्यांना रोज आकड्यांशी खेळायचं नाही त्यांनी सरळ ऑटो ठेवावं.

मॅन्युअलच हवं असेल तर ह्युमिडिटी 4 आणि नळी 27 पासून सुरू करा. थेंब पडले तर नळी एकेक अंशाने वाढवा. 30 ला पोचूनही पाणी येत असेल तरच ह्युमिडिटी एका आकड्याने उतरवा. नाक कोरडं पडलं तर नळीला हात लावू नका, ह्युमिडिटी एकाने वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि दोन रात्री तसाच ठेवा. दोन्ही आकडे एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

तुमची नळी तापणारी आहे का, हेही बघून घ्या. तापणाऱ्या नळीच्या मशीनकडच्या टोकाला विजेची जोडणी असते. साधी असेल तर तिला कापडी खोळ शिवून घ्या किंवा ती गोधडीखालून आणा, मशीन उशीपेक्षा खाली ठेवा आणि पंख्याचा झोत नळीवर येऊ देऊ नका.

नाक ठीक आणि फक्त तोंड सुकत असेल तर बहुधा झोपेत तोंड उघडं राहून हवा निसटते. अशा वेळी ह्युमिडिटी 8 वर नेऊनही उपयोग नाही. मशीनवर गळतीचा आकडा बघा आणि मास्क बदलण्याबद्दल किंवा हनुवटीच्या पट्ट्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच, खुणेच्या रेषेपर्यंत. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. धरलाच तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग खळखळून धुवा. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्या. आणि निलगिरीचं तेल, कापूर, बाम यांतलं काहीही भांड्यात टाकू नका. सर्दीत वाफारा घ्यायचा तर पातेल्यावर घ्या. मशीनमधून ते रात्रभर दाबाने छातीत जातं आणि प्लास्टिकही खराब होतं.

लाइट गेल्यावर मशीन बॅटरीवर चालवणार असाल तर तबकडी आणि नळी दोन्हींची उष्णता बंद करा. सगळ्यात जास्त वीज तीच खाते. भांड्यात पाणी राहू द्या, त्यावरून जाणारी हवा थोडा ओलावा घेतेच.